वीस मोजेपर्यंत

घंगाळाची कडी ठणकन वाजली आणि सकाळची शांतता मोडली. त्या आवाजाचा आमच्या घरात एकच अर्थ होता. चुलीवरचं पाणी घंगाळात पडलं, आत्ती न्हाणीत पाटावर पाय पसरून बसल्या, आता रेणूला घेऊन यायचं. मी तिला पाळण्यातून उचललं आणि आत्तींच्या नडग्यांवर पालथी घातली.

रेणू तेव्हा सव्वातीन महिन्यांची होती. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आजऱ्याला होते आणि मार्च उजाडता उजाडता तिला घेऊन सासरी आले. निपाणीच्या अलीकडे, वेदगंगेच्या काठाला आमचं गाव. आल्या दिवसापासून रेणूची अंघोळ माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्तींनी, आपल्याकडे घेतली होती. तेल, डाळीचं पीठ, मग कढत पाणी तांब्याने. रेणू रोजच रडायची. पण लेकराचं रोजचं रडणं आईला पाठ असतं, आणि त्या दिवशीचं त्यातलं नव्हतं.

पाणी जास्त कढत आहे का, असं मी विचारलं. आत्तींनी उजवा हात मनगटापर्यंत घंगाळात बुडवला, दोनदा गोल फिरवला.

"कोमट हाय. एवढंबी कळत न्हाई व्हय माझ्या हाताला?"

पंच्यात गुंडाळून रेणूला पुसताना तिच्या डाव्या पोटरीवर एक लाल चट्टा दिसला. आत्ती म्हणाल्या, गोरी हाय, लाल दिसणारच. त्या उठून गेल्यावर मी घंगाळातल्या उरलेल्या पाण्यात बोट घातलं. घातलं तसंच काढलं.

दुपारपर्यंत चट्ट्यावर रुपयाएवढा फोड आला.

आता ह्या हाताबद्दल सांगायला हवं. हौसाबाईंचा, म्हणजे आत्तींचा, उजवा हात म्हणजे आमच्या घराचं नाव होतं. आमची तंबाखूची वखार. स्वतःची शेती चारच एकर, पण गावातली सात घरं आपलं पान आमच्याकडे आणून टाकायची. पान रानात उन्हात वाळवलेलं असायचं. वखारीत आणलं की त्यावर पाण्याचा हलका शिपका मारायचा, थरावर थर रचून दोन पुरुष उंचीची रास करायची आणि गोणपाटानं झाकून टाकायची. मग रास आतून तापते. तिला घाम येतो. त्या घामातच पानाला रंग धरतो, वास धरतो. तापली की ती फोडायची, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत घालून परत रचायची, आणि मगच ते पान बोदात भरायचं, म्हणजे मोठाल्या गोण्यांत. लवकर फोडली तर पान कच्चं राहतं, त्याला कुणी विचारत नाही. उशिरा फोडली तर आतून जळतं. पलीकडच्या एका गावात अशीच एक वखार पेटली होती, शेजारच्या गोठ्यातल्या दोन बैलांसकट.

तर कधी फोडायची, ते आत्तींचा हात सांगायचा. रोज चारच्या सुमाराला सात घरांचे पुरुष वखारीत जमायचे. आत्ती गोणपाट उचलायच्या, उजवा हात खांद्यापर्यंत राशीत घालायच्या आणि मोठ्यानं मोजायला लागायच्या. हात वीसपर्यंत आत राहिला तर रास झोपलीया. पंधराच्या आसपास काढावा लागला तर जागी व्हायला लागलीया, उद्या फोडू. दहाच्या आत निघाला तर आत्ताच्या आत्ता. सासरे होते तेव्हापासून हे चाललेलं होतं, आणि ते गेल्यावर वखार टिकली ती ह्या मोजण्यावरच.

राशीला त्या बाळंतीण म्हणायच्या. तिला वारं लागू द्यायचं नाही, तिच्यापुढं भांडायचं नाही. बांधावरून एकमेकांच्या अंगावर जाणारी माणसं वखारीत आली की हळू बोलायची. आणि खरी लेकुरवाळी मात्र वखारीचा उंबरा ओलांडायची नाही. पान दुधात उतरतं, असं आत्तींचं म्हणणं. पाल्याच्या धुरळ्यातून येऊन छातीला घेतलं की लेकरू दूध टाकतं. कामाला येणाऱ्या बायकांतसुद्धा अंगावर पाजणारी कुणी असली तर तिला त्या बाहेर अंगणात गोण्या शिवायला बसवायच्या. हा नियम त्यांनी कुणाकरता मोडला नव्हता.

माझे चुलत दीर आनंदा भाऊजी निपाणीहून एकदा लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन आले होते. आत्तींनी तो मोडीत काढला नाही. वखारीतल्या खुंटीवर टांगला आणि त्याच खुंटीवर स्वतःच्या भाकरीचं गाठोडं अडकवायला सुरुवात केली. भाऊजी चिडून म्हणायचे, "काकी, आकडा दिसतोय त्येच्यात." त्यावर आत्ती विचारायच्या की आकडा दिसतोय, पण किती झाल्यावर वाईट ते कुणी सांगितलंय का. ते भाऊजींनाही ठाऊक नव्हतं.

त्या साली रास रचून आठ दिवस झाले होते आणि आत्ती रोज वीस मोजत होत्या. एरवी पाचव्या-सहाव्या दिवशी रास जागी व्हायची. यंदा पाणी कमी पडलं असेल, रात्री गार आहेत, असं माणसं आपापसात बोलत होती. फोडायचं का, असं मात्र कुणी विचारलं नाही. हात वीस म्हणतोय म्हटल्यावर विचारायचं काय.

फोड आला त्या दुपारचीच गोष्ट. सकाळी रेणू लई रडली म्हणून राहिलेली ओव्याची धुरी दुपारी द्यायची ठरली. मी शेगडी आणून ठेवली. आत्तींनी चुलीतला एक निखारा बोटांनी उचलला. तसं तर सगळ्याच बायका उचलतात, झटकन, ह्या हातातून त्या हातात नाचवत. आत्तींनी तो उचलला आणि माझ्याकडे वळून अळिवाच्या लाडवांबद्दल बोलायला लागल्या. नारळ आणायला विलासला सांगितलंय, गूळ नवा नको, जुना घाल, दूध चांगलं येतं. निखारा चिमटीत तसाच. बोलणं पुरतं संपल्यावर त्यांनी तो शेगडीत ठेवला. घाई अशी नव्हतीच.

वास आला. ओव्याचा नव्हता, कारण ओवा अजून घातलाच नव्हता.

माझ्या डोळ्यांपुढं आधी रेणूची पोटरी आली. आणि तिच्या मागोमाग वीस हा आकडा.

संध्याकाळी विलास, म्हणजे माझे यजमान, जेवायला बसले. आनंदा भाऊजींनी परत थर्मामीटरचा विषय काढला होता म्हणून वैतागले होते. आईच्या हातावर सात घरं निवांत झोपतात, असं म्हणाले. मला तिथंच सांगता आलं असतं. जीभ रेटली नाही. आमच्याकडं हात बधिर झाला म्हटलं की लोक एकच रोग धरतात. त्याचं नावसुद्धा मोठ्यानं घेत नाहीत. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याचं ताट त्याच्याच सुनांनी गोठ्यात नेऊन ठेवलं होतं, आणि डॉक्टरनं गोळ्या देऊन बरा केल्यावरही ते ताट घरात परत आलं नव्हतं. आत्ती रोज त्याच्या दारावरून जायच्या.

आणि मला खात्री तरी कुठं होती? समजा माझं चुकलं, आणि माझ्या बोलण्यावर कच्ची रास फोडली, तर सात घरांचं वर्ष बुडवल्याचं पाप माझ्या माथी. खात्री करायची म्हणजे एकच वाट होती, आणि त्या वाटेवर उंबरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका चिंचेखाली भाकरी खायला बसल्या. मी रेणूला पोटभर पाजलं, निजवलं, पाळण्याला मच्छरदाणी लावली आणि मागच्या अंगाने वखारीत शिरले. लग्न झाल्या साली मी तिथं बायकांबरोबर काम केलेलं, तरी आत गेल्यावर परक्या घरात आल्यासारखं वाटलं. नाकात जुन्या गुळाचा, ओल्या मातीचा आणि मिरचीच्या ठसक्यासारखा वास शिरला. मी बांगड्या कोपरापर्यंत सारल्या, गोणपाट उचललं आणि हात आत घातला.

वरचं पान गार होतं. कोपरापाशी ऊब लागली, मांजराच्या पोटाखाली लागते तशी. खांद्यापर्यंत गेल्यावर मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पाचाला डोळ्यांत पाणी आलं. सहाला हात बाहेर होता. मी काढला असं म्हणता येणार नाही, तो निघाला.

परत घातला. परत सहा.

मग घरी येऊन हात चिंचेनं घासला, शिकेकाईनं घासला, डाळीच्या पिठानं घासला. लुगडं बदललं. अर्ध्या तासानं रेणू उठली. मी तिला छातीशी घेतलं, तिनं तोंड लावलं, शिंकली, आणि मान फिरवली. पुन्हा लावलं, पुन्हा फिरवली. भुकेनं रडायला लागली तरी घेईना.

तिच्या रडण्यानं आत्ती आल्या. तिला त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि वाकून माझ्या खांद्याचा वास घेतला. लांबून नाही, नाक टेकवून.

"वखारीत गेली हुतीस."

मी चूक कबूल करावी, पाया पडावं, असं काहीतरी अपेक्षित असणार. मी म्हटलं, "सहा."

"काय?"

"सहाच्या म्होरं हात राहिला नाही, आत्ती. दोनदा बघितलं."

त्या रेणूला थोपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवा हात हाय तुझा. नव्या हाताला कवाबी चटका बसतो."

मी त्यांच्या कडेवरच्या रेणूचं दुपटं वर केलं. फोड फुटून आतलं गुलाबी दिसत होतं. आत्तींनी बघितलं. उजव्या हाताचं बोट त्या जागेकडे नेलं, आणि लावायच्या आधीच मागं घेतलं. चिमटीच्या दोन्ही बोटांना काल निखाऱ्यानं काळे डाग पडले होते. ते त्यांनाही तेव्हाच दिसले असावेत.

त्या खाली बसल्या. रेणूला माझ्याकडे दिलं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं. आधी नुसती बोटं. वाटलं, थंडीनं असंल." मग दाराकडे बघून आवाज उतरवून म्हणाल्या, "कुणाला बोललीस?"

"नाही."

"बोलू नगं. त्या रोगाचं नाव घेतील. ह्या पोरीला हात लावू देतील का मला?" आणि पोटरीकडे बघत, "न्हाई लावू दिला तर बरंच म्हणा."

मी म्हटलं, आत्ती, आज फोडायला पाहिजे. त्या उठल्या, तोंडावर पाणी मारलं आणि वखारीकडे गेल्या. काय करणार आहेत ते मला कळलं नाही. आठ दिवस वीस मोजून आज सहा म्हणायचं म्हणजे उद्यापासून त्या हाताला कोण विचारणार, हे त्यांनाही कळत होतं. आणि व्यापाऱ्याचा माणूस सोमवारी येणार होता. सोमवारपर्यंत चार वीस आणखी मोजता आले असते.

चार वाजता मी रेणूला खांद्यावर टाकून वखारीच्या दाराशी गेले. रेणूनं तोवर चमच्यानं थोडं गाईचं दूध घेतलं होतं. मी उंबऱ्याच्या बाहेर, तिथं उभं राहायला कुणाची हरकत नव्हती. आत विलास, आनंदा भाऊजी आणि पाच-सहा माणसं. आत्तींनी गोणपाट उचललं, पदर खोचला, हात खांद्यापर्यंत घातला.

"एक. दोन. तीन."

आवाज रोजच्यासारखाच. पुरुष रोजच्यासारखेच तंबाखू मळत उभे.

"चार. पाच. सहा."

मी वाट बघितली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"सात."

आनंदा भाऊजींनी जांभई दिली. मला कळलं की त्या आता थांबणार नाहीत. लबाडी म्हणून नव्हे. एकदा सुरू केलेलं मोजणं कुठं तोडायचं ते सांगणारं त्यांच्या हातात काही उरलंच नव्हतं, आणि माझ्या सहावर थांबायला मन तयार नव्हतं.

"आठ."

मी रेणूला छातीशी घट्ट धरलं आणि उंबरा ओलांडून आत गेले. चार पावलं, सरळ राशीपर्यंत.

सगळ्यांनी माना वळवल्या. विलासनी माझं नाव घेतलं, रागानं नाही, घाबरून. बाळंतिणीच्या खोलीत बैल घुसावा तसं त्यांना वाटलं असणार. आत्तींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग रेणूकडे. रेणूला शिंक आली.

"नऊ," आत्ती म्हणाल्या आणि हात बाहेर ओढला. चटका बसल्यासारखा झटकला, फुंकर घातली. मग माझ्यावर ओरडल्या, "अक्कल गहाण टाकलीस व्हय गं? लेकुरवाळीनं आत यायचं न्हाई म्हणून किती येळा सांगायचं? चल, भाईर हो." आणि त्याच दमात पुरुषांकडे वळून, पण एकदम हळू, "जागी झालीया. फोडा."

आनंदा भाऊजी म्हणाले, काकी, काल वीस आणि आज नऊ, असं कसं? खुंटीवरचा थर्मामीटर काढायला ते वळले. आत्ती म्हणाल्या, "घाल की. तुझा आकडा येईस्तवर मी फोडून घेते." तोवर विलासनी पान ओढायचं दाताळं उचललंही होतं.

वरचे थर निघाले तशी वाफ यायला लागली. मध्यापर्यंत पोचल्यावर वाफेचा रंग बदलला. करपलेल्या गुळाचा वास अंगणापर्यंत आला. मधलं दहा-बारा बोदांचं पान काळं पडलं होतं, हातात घेतलं की राख व्हायचं. एके ठिकाणी तर पाण्याची कळशी ओतावी लागली. बाकीचं सगळं वाचलं. उन्हं कलेपर्यंत रास अंगणभर पसरली होती आणि माणसं एकमेकांना सांगत होती की म्हातारीनं नवाला पकडली, सकाळपर्यंत थांबलो असतो तर वखार गेली असती. आठ दिवसांच्या वीसांबद्दल कुणी काही बोललं नाही. भाऊजी मात्र थर्मामीटर हातात धरून बराच वेळ उभे होते, खुंटीवर टांगायचा की नाही अशा विचारात.

दुसऱ्या सकाळी घंगाळाची कडी वाजली. मी रेणूला घेऊन न्हाणीत गेले तर पाट रिकामा. आत्ती बाजूला, कपडे धुवायच्या दगडावर बसलेल्या.

"बस. पाय पसर," त्या म्हणाल्या. "पाणी बघ. तुझ्या हाताला किती लागतंय ते मला सांगू नगं, पोरीच्या अंगाला किती लागंल ते बघ."

मग डोकं कसं धरायचं, कानात पाणी जाऊ नये म्हणून हाताची पन्हाळ कशी करायची, ते तोंडानं सांगत गेल्या. रेणूला त्यांनी त्या दिवशी उचललं नाही. पुढच्या दिवशीही नाही. आठवडाभरानं मीच तिला त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवली.

मे महिन्यात त्यांना कोल्हापूरला डॉक्टरकडे नेलं. साखर निघाली. लोक नाव घेतात तो रोग नव्हता. पाय आधी बधिर झाले होते, हात मागून, आणि गेलं ते परत येणार नव्हतं. साखरेचं त्यांनी आळीभर सांगितलं, चहा बिनसाखरेचा प्यायला लागल्या हेही सांगितलं. हाताचं मात्र कुणाला सांगितलं नाही. विलासनाही नाही.

त्यानंतर सात हंगाम झाले. रेणूचं दूध तुटेपर्यंत राशीत हात घालताना चढवायला मी जुन्या परकराची खांद्यापर्यंतची बाही शिवून घेतली होती. दुपारी बायका जेवायला बसल्या की जाऊन यायची, डोक्यावरून अंघोळ करायची. चारला आत्ती वखारीकडे निघाल्या की मी त्यांना पाण्याचा तांब्या द्यायची आणि तांब्या देता देता आकडा सांगायची. सतरा. वीस. तेरा. त्या पाणी प्यायच्या आणि जाऊन तेवढं मोजायच्या. एकदाही चुकल्या नाहीत. लोक अजून सांगतात, असा हात परत झाला नाही म्हणून.

त्या गेल्याला चार वर्षं झाली. आता वखारीत थर्मामीटरच घालतात. किती झाल्यावर वाईट ते आम्ही वहीत लिहून ठेवलंय.

परवा मी धाकट्याला अंघोळ घालत होते. रेणू अकरा वर्षांची आहे, घंगाळ भरून तीच आणते. तिनं परकर सावरला तेव्हा पोटरीवरचा पांढुरका रुपया दिसला आणि तिनं विचारलं की हा जन्मापासूनचा आहे का. आजवर मी हो म्हणत आले होते. ह्या वेळी सगळं सांगितलं, हात धाकट्याच्या पाठीवरून फिरवता फिरवता. ती पाण्याशी खेळत ऐकत होती.

"म्हणजे आजीच्या हाताला पाणी कळायचं नाही?"

"नाही."

"निखारा पण नाही?"

"नाही."

तिनं घंगाळात बोटं बुडवली, बाहेर काढली, पुन्हा बुडवली.

"मग ती मला घ्यायची, माझ्या केसांवरून हात फिरवायची," ती म्हणाली, "तेव्हा तिला मी कळायचे का?"